दुबराजपूरचे दगड

माझ्या आईची कलकत्त्याबद्दल एकच तक्रार होती, ती म्हणजे या गावात दगड नाही. दमट हवा, डास, गल्लीत तुंबणारं पाणी, शेजारच्या स्वयंपाकघरातून येणारा मासळीचा वास, ज्वारीच्या पिठाचा दुष्काळ, या सगळ्याची तिनं केव्हाच सवय करून घेतली होती. पण आमच्या भवानीपूरच्या गल्लीत एकदा नव्या घराचा पाया खणत होते, तेव्हा ती तिथं बराच वेळ उभी राहिली. मजूर पुरुषभर खोल गेले तरी खालून चिखल तो चिखलच. घरी येऊन ती म्हणाली की अशा जमिनीवर माणसं निर्धास्त झोपतात तरी कशी. ती वाईजवळच्या एका लहान गावची. माहेरच्या परसामागे मोठा कातळ होता. उन्हाळ्यात त्यावर कुरडया आणि सांडगे वाळत, आणि संध्याकाळी घरच्या बायका त्या तापलेल्या कातळाला पाठ टेकून गप्पा मारत. नाना, म्हणजे माझे वडील, तिला चिडवायचे. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, मग तुझं काय वाईट झालं, असं विचारायचे. आई म्हणायची, मऊ आहे हीच तर रड आहे.

मी आणि माझा धाकटा भाऊ अरुण, दोघंही कलकत्त्यातच जन्मलेले. आमच्या दृष्टीनं दगड ही बाजारात विकत मिळणारी वस्तू होती. घरात एक पाटा-वरवंटा होता. तो बोथट झाला की गल्लीतून "शील काटाओ" अशी लांबवर हेल काढून जाणाऱ्या माणसाला आई वर बोलवायची. तो छिन्नीनं टकटक करत पाट्यावर नवे टाके मारायचा आणि आई कामं सोडून त्याच्यासमोर बसून राहायची. काम झालं की पाट्यावरून तळहात फिरवायची. ती रागावली की अरुणला म्हणायची, "तुझ्या डोक्यात काय दगड भरलेत?" त्यावर एकदा त्यानं अगदी सरळपणे विचारलं होतं, की ते आणले कुठून? तो मस्करी करत नव्हता. आमचं मराठी असंच होतं. घरातल्या घरात शिकलेलं, शब्द सगळे माहीत, पण त्यातल्या निम्म्या वस्तू आम्ही कधी पाहिलेल्या नव्हत्या. आज मी पुण्यात राहते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला टेकडी दिसते. ती इतकी रोजची झाली आहे की कित्येक दिवस तिच्याकडे लक्षही जात नाही.

आमच्या खाली घरमालकीण राहायची. तिला आम्ही माशीमा, म्हणजे मावशी, म्हणायचो. विधवा, थोराड बांध्याची, गुडघ्यांनी अधू, पण आवाज तिन्ही मजल्यांवर पोचेल असा. दुपारी आई निवडण-टिपण घेऊन जिन्यात बसायची आणि माशीमा खालच्या पायरीवर. माशीमा बंगालीत बोलायची, आई मराठी, हिंदी आणि बंगाली अशा तीन भाषांची मोट बांधून उत्तर द्यायची, आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळायचं. माशीमाचं माहेर बीरभूमकडचं, दुबराजपूरचं. एका दुपारी तिनं सांगितलं की तिच्या भावाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर दगडांचं एक रान आहे. रामानं सेतूसाठी हिमालयातून दगड आणले, वाटेत रथाचे घोडे बुजले आणि काही दगड तिथं सांडले, अशी तिकडची गोष्ट. त्यांतल्या दोन मोठ्या दगडांना लोक मामा-भाग्ने म्हणतात, म्हणजे मामा आणि भाचा. आईचा तांदळातला हात थांबला. केवढे मोठे, असं तिनं विचारलं. माशीमानं मान वर करून आमच्या दुसऱ्या मजल्याच्या कठड्याकडे बोट दाखवलं.

त्या रात्री जेवताना आईनं नानांना सांगितलं की तिला दुबराजपूरला जायचंय. आईनं स्वतःसाठी काही मागितल्याचं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. नाना लगेच हो म्हणाले. इतकंच नव्हे, तर हात धुऊन आले आणि रेल्वेचं वेळापत्रक घेऊन बसले.

नाना केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात होते आणि बेत आखणं हा त्यांचा मोठा आनंद होता. पुढचे कित्येक दिवस आमच्याकडे संध्याकाळी दुसरा विषय नव्हता. हावड्याहून पहाटेची गाडी, अंडालला उतरून छोट्या लायनीची गाडी धरायची, दुपारच्या आत दुबराजपूर. माशीमाच्या भावाकडे पाणीबिणी पिऊन दगड बघायचे, उतरत्या उन्हात परतीची गाडी, की झोपायच्या वेळेला घर. अंडालला गाडी चुकली तर पुढची कोणती, तीही चुकली तर कोणती, हे ते आम्हाला अशा उत्साहानं समजावून सांगत, की अरुणला वाटू लागलं गाडी चुकली तरच खरी मजा. आईनं दशम्या, तिळाची चटणी आणि गुळपोळ्या करायचं ठरवलं. हिवाळा होता आणि बाजारात खजुराचा नवा गूळ आला होता. त्या गुळाचा वास असा की वाटीत काढून ठेवला तरी घरभर फिरायचा, पण तो आपल्या गुळासारखा घट्ट होत नाही. आईच्या पोळ्या तव्यावर फुटायच्या आणि गूळ जळून धूर व्हायचा. बेसन भाजून मिसळायचं आणि पोळी जाड लाटायची, असा तोडगा तिनं दोन-तीनदा प्रयोग करून काढला. त्या फुटलेल्या पोळ्या आम्ही खाल्ल्या. खरं सांगायचं तर चांगल्या झालेल्यांपेक्षा त्याच जास्त चांगल्या लागायच्या.

जायच्या आदल्या दिवशी नानांना ताप आला. खोटा नव्हे, चांगला अंग फणफणणारा ताप. बेत पुढच्या हिवाळ्यावर गेला. आईनं गुळपोळ्या शेजाऱ्यांना वाटून टाकल्या.

नाना पूर्वी असे बाहेर पडायला बिचकणारे नव्हते, एवढं इथं सांगायला हवं. मी अगदी लहान होते तेव्हा ते मला खांद्यावर घेऊन शहरभर भटकायचे. एकदा ट्रामनं थेट बागबाजारपर्यंत नेऊन त्यांनी मला एक साधासा रस्ता दाखवला आणि म्हणाले की आपल्या लोकांच्या, म्हणजे लुटायला येणाऱ्या मराठा स्वारांच्या, इकडे ज्यांना बर्गी म्हणतात त्यांच्या भीतीनं या शहरानं इथून खंदक खणायला घेतला होता. मग माझ्याकडे बघून इतके मोठ्यानं हसले की लोक वळून बघायला लागले. सेहेचाळीस सालच्या हिंदू-मुसलमान दंगलीनंतर ते भटकणं संपलं. दंगलीच्या दिवसांत नाना घरी आले नव्हते. आले तेव्हा अंगावर दुसऱ्याच कुणाचं तरी धोतर होतं आणि पायात काही नव्हतं. एका गोदामात आसरा मिळाला होता एवढंच त्यांनी सांगितलं. तेव्हापासून ते ठरलेल्या ट्रामनं कचेरीत जायचे आणि ठरलेल्या ट्रामनं परत यायचे. रात्री कडी लावल्यावर पुन्हा उठून कडी बघायचे, पुन्हा उठायचे. आम्ही मुलं त्याला नानांचा स्वभाव समजत होतो. आज अशा गोष्टीला नाव आहे, डॉक्टर आहेत, गोळ्या आहेत. तेव्हा स्वभाव हा एकच शब्द होता आणि तो सगळ्याला पुरायचा.

पुढच्या हिवाळ्यात सगळं पुन्हा ठरलं. तेच वेळापत्रक, तोच गूळ. या खेपेला ताप आला नाही. पहाटे अंधारात आम्ही चौघं हावड्याच्या ट्राममध्ये बसलो. आईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. अरुण तोंडानं इंजिनाचा आवाज काढत होता आणि नाना त्याला गप्प बस म्हणत नव्हते, हे मला विशेष वाटलं. पुलाच्या अलीकडे, फुलांच्या बाजारापाशी, ट्राम गर्दीत अडकली. टोपल्या घेतलेली माणसं दोन्ही बाजूंनी अंगावर येत होती, कुणीतरी कुणाला तरी ओरडून बाजूला हो म्हणत होतं. नाना उठले. त्यांनी अरुणचा दंड धरला आणि म्हणाले, "उतरा." आईला वाटलं पुढे चालत जायचं आहे. आम्ही उतरलो तर नाना उलट्या दिशेनं चालायला लागलेले. अरुण रडायला लागला, मी विचारत होते गाडी चुकेल ना, गाडी चुकेल ना. नानांचा चेहरा घामानं भिजला होता आणि थंडी तर अशी होती की आमच्या तोंडातून वाफा येत होत्या. ते फक्त एवढंच म्हणाले की आज नको. घरी आल्यावर दशम्यांचा डबा तसाच ओट्यावर पडून राहिला. अरुण दिवसभर नानांशी बोलला नाही. मीही नाही.

त्या संध्याकाळी आई-नाना आतल्या खोलीत दार लावून बसले. नानांनी तिला काय सांगितलं ते मला कितीतरी वर्षांनी, नाना गेल्यानंतर, आईकडून कळलं. दंगल पेटली त्या दिवशी ते एका सहकाऱ्याला गाडीत बसवून हावड्याहून परतत होते. पुलाच्या या तोंडाशी जमाव होता. सगळे पळत सुटले तेव्हा एका अनोळखी माणसानं नानांचा हात धरला आणि दोघं हात धरून पळाले. मग तो हात ओढला गेला. नानांनी मागे वळून पाहिलं, आणि पुन्हा पळाले. तो माणूस कोण, कुठला, कुठल्या धर्माचा, त्यांना माहीत नव्हतं. त्याचा चेहराही त्यांनी नीट पाहिला नव्हता. आठवत होता तो फक्त हात. इतकी वर्षं हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

आई बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिनं स्वयंपाक केला, आम्हाला वाढलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात बसून माशीमाला विचारलं, की तुम्ही माहेरी कधीपासून गेला नाहीत? माशीमा म्हणाली, मुलांना वेळ नाही, मला नेणार कोण. आई म्हणाली, मी नेते. माशीमाला आधी हसू आलं. माझ्या आईला तोवर कालीघाटाच्या पलीकडे एकटीनं जाताना कुणी पाहिलं नव्हतं. पण आई तांदूळ निवडत राहिली आणि म्हणाली की नेते म्हणजे नेते. मग माशीमानं आपल्या गुडघ्यांकडे एकदा पाहिलं आणि भावाला कळवून टाकलं. ती तिथं आठवडाभर राहणार होती. म्हणजे जाताना आई माशीमाबरोबर असणार होती, येताना मात्र आम्हा दोघांना घेऊन एकटी.

रात्री जेवण झाल्यावर तिनं नानांना सांगितलं. मी तिथंच ताटं उचलत होते.

"या रविवारी मी मुलांना घेऊन दुबराजपूरला जाते. माशीमा बरोबर आहेत. तुम्ही घरी थांबा."

नानांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "अंडालला गाडी बदलायची असते."

"ठाऊक आहे. तुम्ही दोन वर्षं सांगताय."

"रागावून चालली आहेस का?"

"नाही," आई म्हणाली. "रागावले असते तर विचारून गेले नसते का? रागात माणूस परवानगी मागतो, नाही म्हटलं की भांडता यावं म्हणून. मला नुसतं जायचंय."

या बोलण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. आता थोडाफार लागतो.

रविवारी पहाटे नाना आम्हाला ट्रामपर्यंत पोचवायला म्हणून निघाले. माशीमाला हात देऊन वर चढवलं, पिशव्या चढवल्या, आणि ट्राम सुटली तेव्हा तेही आत होते. आई आणि माशीमा बायकांच्या बाकावर होत्या. फुलांचा बाजार जवळ आला तसे नाना समोरच्या दांड्याला घट्ट धरून बसले. आई उठली, त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती तिथं जाऊन बसली आणि विचारू लागली. अंडालला छोटी गाडी कुठल्या बाजूला लागते? मध्ये पूल ओलांडावा लागतो की रूळ? दुपारची चुकली तर पुढची केव्हा? हे सगळं तिला पाठ होतं. मलाही पाठ होतं. अरुणलासुद्धा पाठ होतं, त्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा मी त्याला चिमटा काढला. का काढला हे मला सांगता आलं नसतं. नाना एकेक उत्तर देत होते, आधी तुटक तुटक, मग नेहमीसारखं सविस्तर. ट्राम पुलावर चढली. खाली नदीवर धुकं होतं आणि बोटींचे भोंगे ऐकू येत होते. आई विचारतच राहिली. ट्राम पलीकडे उतरली तेव्हा नाना तिला सांगत होते की अंडालच्या फलाटावर पाणी कुठल्या टोकाला मिळतं.

त्यांनी आम्हाला गाडीत बसवलं. तेही येतील असं मला वाटलं होतं, पण ते आले नाहीत. गाडी हलली तेव्हा ते खिडकीबरोबर थोडे चालले आणि मग थांबले.

प्रवासाबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही. माशीमानं डब्यातल्या सगळ्यांची चौकशी केली आणि आईची ओळख "आमच्या घरची बर्गी" अशी करून दिली, त्यावर डबा हसला आणि एका बाईनं आईला संत्रं दिलं. दुबराजपूरला माशीमाच्या भावाकडे आम्हाला मुरी, म्हणजे चुरमुरे, नारळाचे लाडू आणि विहिरीचं गार पाणी मिळालं. त्यांची सून आम्हाला दगडांकडे घेऊन गेली. वाटेत तांबडी माती होती, ताडाची झाडं होती, आणि मग एकाएकी दगड. एक नव्हे, दहा-वीस नव्हे, सगळीकडे. घराएवढे, हत्तीएवढे, गोल, करडे, कुठे गुलाबी झाक असलेले, एकावर एक आणि एकमेकांना रेललेले, कुणीतरी आत्ताच ठेवून गेल्यासारखे. अरुण "मामा कुठला, भाचा कुठला" म्हणत पळत सुटला. मी मात्र जागेवरच उभी राहिले. मला थोडी भीती वाटली होती. इतकी मोठी, न हलणारी, आणि कुणी न बांधलेली वस्तू मी त्याआधी पाहिलीच नव्हती.

आईनं चपला काढल्या. एका मोठ्या दगडावर दोन्ही तळवे टेकले आणि तशीच उभी राहिली. मग कासोटा नीट केला, बोटांनी एक खाच चाचपली, पाय ठेवला आणि सरसर वर चढून गेली. सून खालून घाबरून काहीतरी ओरडत होती. तिथं शेळ्या चारणारी पोरं होती, तीही बघत राहिली. माझी आई, जी ट्राममधून उतरताना माझा हात धरायची, ती त्या दगडाच्या माथ्यावर उभी होती आणि तिचा पदर वाऱ्यानं उडत होता. थोड्या वेळानं तिनं मला वर ओढून घेतलं. दगड उन्हानं तापला होता. आम्ही दोघी पाठ टेकून पडलो.

"असाच होता का तुझ्याकडचा?" मी विचारलं.

ती थोडा विचार करून म्हणाली, "नाही. आपला काळा, कडक. हा निराळाच आहे." मग जरा वेळानं, "पण दगड आहे."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही, झोपली. चांगली घोरण्याइतकी झोपली. सुनेनं खालून हाका मारल्या तेव्हा उठली.

परतीच्या वाटेवर अंडालला अंधार पडला होता. फलाटावर दोन गाड्या उभ्या होत्या. आईनं एकाला विचारलं तर त्यानं एका गाडीकडे बोट दाखवलं, दुसऱ्यानं दुसरीकडे. मी घाबरून तिचं लुगडं धरलं. आईनं दोन्ही गाड्यांकडे एकदा पाहिलं आणि आम्हाला ओढत फलाटाच्या अगदी टोकाला, थेट इंजिनापाशी गेली. वर कोळशानं काळा झालेला ड्रायव्हर चहा पीत होता. आईनं मान वर करून आपल्या तीन भाषांत त्याला विचारलं की तो स्वतः कुठे चालला आहे. तो हसला आणि म्हणाला, "हावडा, माँ." नानांच्या दोन वर्षांच्या बेतात हा उपाय कुठेच नव्हता.

हावड्याला उतरलो तर नाना फलाटावर उभे. तुम्ही दमून याल म्हणून न्यायला आलो, असं ते म्हणाले आणि आम्हाला ते खरं वाटलं. पण त्यांच्या अंगावर सकाळचाच कोट होता, दाढी वाढलेली होती, आणि पायावर बाकाखालची धूळ होती. ते घरी गेलेच नव्हते. सकाळी आम्हाला बसवून ते पुलाच्या तोंडापर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले, आणि शेवटी दिवसभर स्टेशनातच बसून राहिले. आईच्या ते पाहताक्षणी लक्षात आलं असलं पाहिजे. तिनं विचारलं नाही. बाकावर बसली, त्यांना बसवलं, माशीमाच्या भावानं बांधून दिलेली मुरी आणि लाडू त्यांच्यापुढे ठेवले आणि तिथंच, त्या गोंगाटात, पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं. नाना भुकेलेले होते. खाता खाता ऐकत होते. इंजिनाचा किस्सा आला तेव्हा ते खायचे थांबले आणि म्हणाले, "ड्रायव्हरला विचारलंस?"

"मग कुणाला विचारणार? त्याला ठाऊक असणारच की."

त्यानंतर आम्ही बाहेर आलो. ट्राम उभी होती, पण नाना म्हणाले, पूल चालत ओलांडू. आईनं अरुणला कडेवर घेतलं, तो त्या मानानं मोठा होता तरी. नानांनी माझा हात धरला. पुलावर गर्दी होती, हातगाड्या होत्या, आणि नानांची पकड इतकी घट्ट होती की माझी बोटं दुखत होती. मी ते सांगितलं नाही. पलीकडे पोचल्यावर त्यांनी हात सोडला आणि खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

या एका दिवसानं नाना पार बदलले असं मी म्हणणार नाही. कडी ते पुढेही रात्री उठून बघायचेच. पण पुढच्या हिवाळ्यात आम्ही चौघं दुबराजपूरला गेलो. गाडी वेळेवर होती, अंडालला काही घोळ झाला नाही. मामा-भाग्नेच्या समोर नाना मागे हात बांधून बराच वेळ उभे राहिले, एकदा या बाजूनं पाहिलं, एकदा त्या बाजूनं, आणि म्हणाले, "मला वाटलं होतं याहून मोठे असतील." आई इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं, आणि मग नानाही, बागबाजारच्या रस्त्यावर हसले नसतील इतके मोठ्यानं, हसायला लागले.